पंचनामे आणि मेगावॉट

सप्टेंबर २०२५ च्या पावसाने धाराशिव, बीड, लातूर आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली पिके तर नेलीच, अनेक शिवारांतली मातीही नेली. सीनेच्या काठच्या माढा, मोहोळ, करमाळा तालुक्यांत लोकांना घरदार सोडून निघावे लागले. सरकारी आकडेवारीप्रमाणे राज्यात सुमारे ६८ लाख हेक्टरांवरच्या पिकांना फटका बसला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले आणि त्यात खरवडून गेलेल्या जमिनीसाठी वेगळी तरतूद करावी लागली. पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते. खडक उघडा पडलेल्या शेतात गाळ आणून टाकल्याशिवाय काही उगवत नाही.

याच पट्ट्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आले, पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका फेरीत पंचवीस लाख लिटर आणू लागली. एका दशकाच्या आत एकाच प्रदेशाने टँकरही पाहिला आणि बचावपथकाची बोटही पाहिली. हवामानबदल म्हणजे ‘थोडे जास्त ऊन’ असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी मराठवाड्याची ही दहा वर्षे पाहावीत.

आपल्या राज्याच्या कारभारात या संकटाचा हिशेब दोन वेगळ्या ठिकाणी होतो. नुकसान महसूल आणि मदत-पुनर्वसन खाती मोजतात. तलाठी बांधावर जातो, पंचनामा होतो, रक्कम ठरते. वीज ऊर्जा खाते मोजते, तीही मेगावॉटमध्ये: किती मागणी, किती निर्मिती, किती तूट. या दोन वह्या एकमेकींशेजारी ठेवून क्वचितच वाचल्या जातात. त्या तशा वाचल्या तर स्वच्छ ऊर्जेचे धोरण हा पर्यावरणप्रेमींचा हट्ट उरत नाही. महाराष्ट्राच्या पाण्याचा, शेतीचा आणि तिजोरीचा तो सरळ व्यवहाराचा प्रश्न होतो.

आधी नुकसानीची वही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, ज्यात महाराष्ट्राचाही समावेश होतो, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यात दिसले. याच काळात मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र घटत होते. म्हणजे वर्षाची सरासरी पाहून समाधान मानावे अशी स्थिती नाही. पाऊस कमी दिवसांत पडतो आणि पडतो तेव्हा अंगावर येतो. कारण भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्यातले आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. तापलेला अरबी समुद्र ते बाष्प पुरवतो, आणि सह्याद्री त्याच्या वाटेत उभा आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याची यादी आपल्याला पाठ झाली आहे, इतकी की तिचा धक्का बसेनासा झाला आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये. त्याच सुमारास महाबळेश्वरात २४ तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकर समाजाची वाडी, डोंगराखाली गेली. या प्रत्येक दुर्घटनेत स्थानिक कारणेही आहेत. डोंगर कापून काढलेले रस्ते, बुजलेले ओढे, पूररेषेच्या आत झालेली बांधकामे यांची जबाबदारी हवामानावर ढकलता येणार नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटाबद्दल सावध केले होते. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली, आणि संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे एकामागून एक मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा निघाला तो जुलै २०२४ मध्ये. इतका उशीर करणाऱ्या व्यवस्थेला पाऊस सवलत देत नाही.

किनाऱ्याचे दुखणे वेगळे आहे. अरबी समुद्रात मोठी चक्रीवादळे क्वचित होतात, असे एक पिढी शिकत आली. पुण्याच्याच संस्थेतल्या संशोधकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली, तेव्हा दुसऱ्या कालखंडात अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नुकसानभरपाई हंगामाच्या पिकाप्रमाणे मोजायची की उभ्या पिढीच्या उत्पन्नाप्रमाणे, हा प्रश्न तेव्हा बागायतदारांनी विचारला. पोफळ लावली की ती धरायला पाच-सात वर्षे जातात, नारळही तसाच. वर्षभरात ‘तौक्ते’ आले. देवगड-रत्नागिरीच्या हापूस बागायतदाराला वादळ नसतानाही चैन नाही: थंडी लांबली की मोहोर उशिरा, अवकाळी पाऊस आला की मोहोर गळतो, तापमान एकदम चढले की फळ भाजते.

विदर्भाच्या वाट्याला ऊन आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे दर मे महिन्यात देशातल्या सर्वांत तप्त ठिकाणांच्या यादीत असतात. पण उष्णतेचा धोका विदर्भापुरता नाही, हे १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये दिसले. भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर चौदा जणांचा मृत्यू झाला. तापमापकातला पारा विदर्भाइतका चढला नव्हता. किनाऱ्यावरची दमट हवा घाम सुकू देत नाही आणि शरीर आतून तापत जाते. उन्हाळ्यातल्या मजुरीच्या वेळा, पत्र्याच्या घरातली झोप, रोजगार हमीच्या कामावरची सावली हे सारे आता सार्वजनिक आरोग्याचे विषय झाले आहेत.

आता दुसरी वही उघडू. महानिर्मितीची औष्णिक क्षमता सुमारे साडेनऊ हजार मेगावॉट आहे. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. मग कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, नाशिक, पारस. खासगी कोळसा प्रकल्प यात धरलेले नाहीत. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला तेव्हा शहराच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जावापराचा निघाला, आणि त्यात मुख्य भाग विजेचा. मुंबईच्या वातानुकूलन यंत्रांचा धूर मुंबईत दिसत नाही, कारण तो बराचसा दुसऱ्या कोणाच्या तरी छतावर उतरतो.

तो कोठे उतरतो, हे चंद्रपूरकरांना विचारावे. खाणींची धूळ, केंद्राचा धूर, राखेचे बंधारे आणि वर सत्तेचाळीस अंशांचे ऊन असे चौपदरी आयुष्य हा जिल्हा जगतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत पसरला. गंधकाचे उत्सर्जन रोखणारी यंत्रणा बसवण्याची मुदत केंद्र सरकारने अनेकदा वाढवली, आणि जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या बहुतांश कोळसा केंद्रांना त्या अटीतून मोकळे केले. राज्याला वीज लागते हे खरे, पण तिची किंमत कोण श्वासाने भरतो हेही तितकेच खरे आहे.

कोळशाचा आणखी एक खर्च वीजबिलात कधीच दिसत नाही: पाणी. २०१५ मध्ये ठरलेल्या निकषानुसार जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाण्याची मुभा आहे. एक हजार मेगावॉटचे केंद्र चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला आठ कोटी चाळीस लाख लिटर होतात, म्हणजे लातूरला गेलेल्या पन्नास वाघिणींच्या तेहतीसहून अधिक फेऱ्या, रोजच्या. हा नुसता गणिताचा खेळ नाही. २०१५ मध्ये खडका बंधाऱ्यात पाणी नसल्याने परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. दुष्काळी बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या पाण्यावर उभे राहिलेले केंद्र दुष्काळानेच थांबवले. चंद्रपूरला इरई धरणाचे पाणी शहर आणि वीज केंद्र दोघेही पितात. ज्या राज्यात पाऊस बेभरवशाचा होत चालला आहे, त्याने पाण्यावर चालणारी वीज वाढवत नेणे धोरण म्हणूनच चुकीचे आहे. तरीही कोराडीत प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन नवे संच मंजूर झाले आहेत. या निर्णयाचे समर्थन मला करता येत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. महाराष्ट्राने उद्या सगळी कोळसा केंद्रे बंद केली तरी सीनेचा पूर थांबणार नाही. हवेतला कर्ब जगभरातून आलेला आहे आणि त्यातला मोठा भाग श्रीमंत देशांचा आहे. मान्य. म्हणूनच ‘पृथ्वी वाचवा’ एवढ्या भांडवलावर राज्याचे ऊर्जाधोरण उभे करता येत नाही, आणि करूही नये. पूर, दरड, उष्णता यांना तोंड द्यायची तयारी स्वतंत्रपणे करावीच लागेल. स्वच्छ ऊर्जेच्या बाजूने बोलताना मी राज्याच्या स्वतःच्या फायद्यापासून सुरुवात करतो: स्वस्त वीज, वाचलेले पाणी, शुद्ध हवा, गावात राहणारा पैसा. कर्ब कमी होणे ही त्यावरची बेरीज.

हा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो तो शेतीच्या विजेत. महावितरण पुरवते त्या विजेतला सुमारे तीस टक्के भाग कृषिपंपांना जातो. ही वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने मिळत आली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीला पाणी द्यायला गेलेला शेतकरी अंधारात चिखलातून चालतो. साप-विंचू आहेत, जुन्नर-शिरूर भागात बिबट्या आहे, उघड्या पेटीचा धक्का आहे. दिवसा वीज द्या ही मागणी जुनी आहे, आणि कोळशाच्या व्यवस्थेने ती कधी पुरी केली नाही. सूर्याने ती सहज पुरी होते. शेतीला वीज दिवसाच हवी आणि पॅनेल वीज दिवसाच देते, इतका सुंदर मेळ ऊर्जेच्या नियोजनात फार कमी वेळा जुळतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, मोठी आवृत्ती आली. उद्दिष्ट सोळा हजार मेगावॉटपर्यंत वाढवले गेले. कल्पना साधी आहे. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आणि त्याच उपकेंद्राच्या कृषी वाहिन्यांना दिवसा वीज द्यायची. लांबून वीज वाहून आणण्यातली गळती वाचते. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ. २०२४ मध्ये सुमारे नऊ हजार मेगावॉटच्या निविदांत प्रतियुनिट २ रुपये ८२ पैसे ते ३ रुपये १० पैसे असे दर आले. शेतीला वीज पुरवण्याचा खर्च आजवर युनिटमागे आठ रुपयांच्या घरात होता, असे सरकारच सांगत आले आहे. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात या टप्प्यातला पहिला प्रकल्प सुरू झाला.

हे आकडे तिजोरीच्या बाजूने वाचा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची बळीराजा योजना २०२४ मध्ये आली, तेव्हा तिचा वर्षाचा भार १४,७६० कोटी रुपये आणि लाभार्थी ४४ लाख असे सांगितले गेले. म्हणजे दोन वर्षांच्या वीज सवलतीत २०२५ च्या अतिवृष्टीचे अख्खे पॅकेज जवळजवळ बसते. सवलत काढून घ्या असे मी म्हणत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची आजची स्थिती पाहून ते म्हणवतही नाही. पण तीच वीज तीन रुपयांत तयार होत असेल तर आठ रुपयांच्या विजेवर सवलत देत राहणे म्हणजे पूरग्रस्ताच्या वाट्याचा पैसा धुरात घालणे आहे. गेल्या दहा वर्षांत राज्याने ऊर्जेबाबत घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय कोणता, असे कोणी विचारले तर मी कृषी वाहिन्यांच्या सौरीकरणाचे नाव घेईन.

त्यातही दोन खाचखळगे आहेत. पहिला भूजलाचा. स्वतंत्र सौरपंप बसला की पाणी उपसायला पैसा लागत नाही आणि दिवसभर पंप चालू राहतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची आहे. गरजूला हा मोठा आधार आहे. पण विहिरींची पातळी कोण पाहणार? भूजलाचा कायदा २००९ चा आहे, गावपातळीवर त्याचा अंमल जाणवत नाही. दुसरा खाचखळगा गायरानाचा. सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमीन शोधताना नजर पहिल्यांदा गायरानाकडे जाते. कागदावर ती पडीक दिसते. मेंढपाळाला, शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन बाईला आणि गायरान कसून पोट भरणाऱ्या दलित कुटुंबाला ती पडीक नाही. ग्रामसभेला नीट न विचारता पोलीस बंदोबस्तात खांब रोवले तर ती वीज स्वच्छ म्हणवणार नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२१ मध्ये मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती बापट झाले. वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला, बुडाली ती मावळ्यांची भातखाचरे. जलविद्युत कोळशापेक्षा स्वच्छच होती. कोयनेने पुढे राज्याला १,९६० मेगावॉटची ताकद दिली आणि आजही संध्याकाळची मागणी चढली की कोयनेचाच आधार असतो. पण धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची प्रकरणे तिसऱ्या पिढीपर्यंत आली. आता सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांची रांग लागते आहे. दिवसा जास्तीच्या सौर विजेने पाणी वर चढवायचे आणि रात्री खाली सोडून वीज घ्यायची, ही कल्पना चांगली आहे, आणि घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून चालूही आहे. सूर्य मावळल्यावर काय, या रास्त प्रश्नाचे ते एक उत्तर आहे. बॅटऱ्या हे दुसरे, आणि मागणीच दिवसाकडे सरकवणे हे तिसरे, सर्वांत स्वस्त. परंतु दरडी कोसळणाऱ्या त्याच घाटात जंगल तोडून वरचे-खालचे तलाव खोदायचे असतील, तर प्रत्येक जागेची छाननी प्रकल्पनिहाय आणि उघडपणे झाली पाहिजे. जुन्या धरणांचा वापर जिथे होऊ शकतो तिथे नवे खोदकाम नको.

पवनचक्क्यांबद्दल थोडक्यात: पाटणजवळच्या वनकुसवड्याचे पठार आणि साक्री तालुक्यातला ब्राह्मणवेल परिसर यांमुळे महाराष्ट्र या क्षेत्रात आघाडीवर होता, पुढे गती मंदावली. जुन्या लहान यंत्रांच्या जागी मोठी बसवली तर त्याच जागेत कितीतरी जास्त वीज निघेल. उसाच्या चिपाडापासूनची सहवीज कागदावर हरित गणली जाते. मात्र थोड्या जमिनीवर उभा राहून सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा घेणारा ऊस मराठवाड्यात वाढवायला ती कारण ठरत असेल, तर तिला हरित म्हणायला मी तयार नाही.

शहरांची जबाबदारी छतांवर आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. शंभरेक घरांची वाडी हे करू शकते, तर पुण्या-मुंबईच्या हजारो गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्या मोकळ्या का, याचे उत्तर धोरणाच्या अस्थिरतेतही आहे. २०२५ मध्ये वीजदराचा आदेश मार्चअखेर निघाला, त्याला लगेच स्थगिती मिळाली, आणि जूनमध्ये सुधारित आदेश आला. पंचवीस वर्षे चालणाऱ्या यंत्रावर आपली पुंजी लावणाऱ्या माणसाला तीन महिन्यांत बदलणारे नियम परवडत नाहीत. छतावरच्या विजेचा परतावा किमान दहा वर्षांसाठी लेखी बांधून द्यायला हवा.

आणि कोळशावर पोट असलेल्यांचे काय? चंद्रपूर, वणी, उमरेड भागातले खाणकामगार, केंद्रांतले कंत्राटी मजूर, राख वाहणारे ट्रकचालक यांनी या राज्याला साठ वर्षे उजेड दिला. मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा कामगारांसाठी आधी काही ठरवलेले नव्हते आणि गिरणगावाने ते भोगले. कोणता संच कोणत्या वर्षी निवृत्त होणार, त्या जागी काय येणार, तिथल्या कामगारांना कोणते प्रशिक्षण मिळणार हे आत्ताच, तारखांसह जाहीर झाले पाहिजे. जुन्या केंद्रांकडे जमीन आहे, वीजवाहिन्या आहेत, उपकेंद्रे आहेत. सौर प्रकल्प आणि बॅटऱ्या यांची पहिली पसंती तीच असावी. त्यामुळे गायरानावरचा ताणही कमी होईल.

आराखड्यांचा तुटवडा आपल्याला कधीच नव्हता. ‘टेरी’ संस्थेने राज्यासाठी हवामान जोखमीचा अभ्यास २०१४ मध्ये पूर्ण केला. २०२० च्या अपारंपरिक ऊर्जाधोरणाने पाच वर्षांत १७,३६० मेगावॉटचे लक्ष्य ठेवले. उणीव आहे ती जोडणीची. अर्थसंकल्पात जिल्हावार आपत्तीखर्च आणि जिल्हावार ऊर्जागुंतवणूक एका पानावर छापा. प्रत्येक नव्या औष्णिक प्रस्तावासोबत दुष्काळी वर्षात त्याला पाणी कोठून मिळणार याचे उत्तर सक्तीचे करा. दरडप्रवण गावांचे पुनर्वसन पावसाळ्याच्या आधी करा. यासाठी नवी समिती लागत नाही.

वाचकांकडे मात्र एक मागणे आहे. तुमच्या गावच्या ग्रामसभेत सौर प्रकल्पाचा ठराव आला तर उठून विचारा: जमीन कोणती, भाडे कोणाच्या खात्यात, किती वर्षांसाठी, आणि जनावरे कोठे चरणार? उत्तरे समाधानकारक असतील तर ठरावाच्या बाजूने हात वर करा. शहरात राहत असाल तर सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर गच्चीवरच्या सौर संचाचा विषय लेखी द्या. आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला नुकसानभरपाई किती देणार हे विचाराल, तेव्हा आपल्या तालुक्यातली वीज कशापासून बनते आणि ती कधी बदलणार, हेही त्याच दमात विचारा.